डायलिसिस कक्षातील कावीळ : एका साथीचा आणि तिच्या प्रतिबंधाचा इतिहास

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या माणसाला यंत्राच्या आधाराने वर्षानुवर्षे जगवता येते, हे १९६० मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे सिद्ध झाले. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच, ज्या दालनांत हे जीवदान दिले जात होते त्याच दालनांत यकृताला सूज आणणारी कावीळ रुग्णाकडून रुग्णाकडे आणि रुग्णाकडून परिचारिकेकडे जात असल्याचे दिसू लागले. या काविळीच्या, म्हणजे पुढे ‘हिपॅटायटिस बी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या रोगाच्या इतिहासात लशीला मानाचे स्थान दिले जाते आणि ते योग्यही आहे. डायलिसिस कक्षांपुरते पाहिले तर मात्र लस उपलब्ध होण्याआधीच तेथील साथ बऱ्याच अंशी ओसरली होती. ती ओसरली ती दरमहा केलेल्या रक्ततपासणीमुळे, बाधितांसाठी राखून ठेवलेल्या यंत्रांमुळे आणि प्रत्येक रुग्णानंतर हात धुऊन हातमोजे बदलण्याच्या शिस्तीमुळे. वैद्यकाच्या इतिहासात या साध्या कामांना फारशी जागा मिळत नाही, म्हणून त्यांची हकीकत सविस्तर नोंदवणे आवश्यक ठरते.

कावीळ माणसाच्या रक्तातून पसरू शकते ही शंका डायलिसिसच्या बरीच आधीची आहे. जर्मनीतील ब्रेमेन येथे १८८३ मध्ये जहाजबांधणी कारखान्यातील १,२८९ कामगारांना मानवी लसीकेपासून तयार केलेली देवीची लस टोचण्यात आली आणि पुढील काही महिन्यांत त्यांतील १९१ जणांना कावीळ झाली. लस न टोचलेले कामगार मात्र त्यातून सुटले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी सैन्याला दिलेल्या पीतज्वराच्या लशीत स्थिरतेसाठी मानवी रक्तद्रव मिसळलेला होता आणि त्यापायी सुमारे ५०,००० सैनिकांना काविळीने रुग्णालयात दाखल व्हावे लागले. या अनुभवांच्या आधारे ब्रिटिश वैद्य एफ. ओ. मॅककॅलम यांनी १९४७ मध्ये अन्नपाण्यातून पसरणाऱ्या काविळीला ‘ए’ आणि रक्तातून पसरणाऱ्या काविळीला ‘बी’ असे नाव सुचवले. रोगाला नाव मिळाले, तरी त्याचा विषाणू कोणी पाहिलेला नव्हता आणि तो रक्तात आहे की नाही हे सांगणारी तपासणीही अस्तित्वात नव्हती. डायलिसिसचे युग सुरू झाले ते अशा अर्धवट ज्ञानाच्या काळात.

डायलिसिस म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून एका पातळ पडद्याच्या एका बाजूने वाहू देणे आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूच्या द्रावणात रक्तातील युरियासारखी टाकाऊ द्रव्ये उतरू देणे. नेदरलँड्समधील कांपेन येथे विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, जर्मन अंमलाखालील टंचाईच्या दिवसांत, फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून असे यंत्र चालवून दाखवले. त्या यंत्राची अडचण अशी होती की प्रत्येक वेळी नवी धमनी आणि नवी शीर उघडावी लागे. त्यामुळे मूत्रपिंडे काही दिवसांपुरती बंद पडलेल्या रुग्णालाच त्याचा उपयोग होई. सिॲटलचे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी मार्च १९६० मध्ये हाताच्या धमनीत आणि शिरेत टेफ्लॉनची नळी कायमची बसवून ही अडचण दूर केली. तेव्हापासून तोच रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा त्याच दालनात, त्याच यंत्रावर येऊ लागला. जानेवारी १९६२ मध्ये सिॲटलमध्ये उघडलेल्या केंद्रात तीनच खाटा होत्या आणि कोणाला उपचार द्यायचे हे ठरवण्यासाठी नागरिकांची एक समिती नेमावी लागली होती. इतक्या दुर्मीळ उपचारासाठी निवडले गेलेले रुग्ण एकमेकांशेजारी पडून वर्षानुवर्षे आपले रक्त यंत्रांतून फिरवत राहणार होते.

विषाणूच्या दृष्टीने याहून अनुकूल परिस्थिती दुसरी नव्हती. मूत्रपिंडाच्या रुग्णांना तीव्र रक्तक्षय होतो, कारण अस्थिमज्जेला रक्तपेशी बनवण्याची सूचना देणारे संप्रेरक मूत्रपिंडातच तयार होते. म्हणून त्या काळी त्यांना वारंवार दात्याचे रक्त चढवावे लागे. कोल्फ यांच्या नंतरच्या गुंडाळीच्या यंत्रात रक्त इतके मावत असे की यंत्र सुरू करण्यापूर्वीच ते दात्याच्या रक्ताने भरून घ्यावे लागे. रक्ताची प्रत्येक बाटली अनोळखी माणसाची असे आणि अमेरिकेत तर त्यातील बराचसा पुरवठा पैशासाठी रक्त विकणाऱ्यांकडून होत असे. अशा बाटलीतून विषाणू एकदा दालनात आला की पुढच्या प्रसाराला दात्याची गरज उरत नसे. बाधिताच्या एका मिलिलीटर रक्तात विषाणूचे कोट्यवधी कण असू शकतात, म्हणून डोळ्यांना न दिसणारा थेंबही संसर्गाला पुरतो. आणि हा विषाणू सुकलेल्या रक्तात, खोलीच्या तापमानाला, किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो, हे १९८१ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. १९६० च्या दशकातील परिचारिकेला हे माहीत असण्याचा संभव नव्हता.

ब्रिटनमध्ये पहिला इशारा १९६५ मध्ये मँचेस्टरच्या डायलिसिस कक्षातून आला आणि पुढच्या वर्षी लिव्हरपूलमध्ये तेच घडले. या साथींकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले ते प्रामुख्याने कर्मचाऱ्यांच्या आजारामुळे. परिचारिका, तंत्रज्ञ आणि रक्ताचे नमुने हाताळणारे प्रयोगशाळेतील कर्मचारी पिवळे पडत, त्यांना ताप येई, अन्न नकोसे होई आणि काही जण दगावत. रुग्ण मात्र बहुधा पूर्वीसारखेच दिसत. यावरून संसर्ग कर्मचाऱ्यांमध्येच अधिक आहे असा समज होणे स्वाभाविक होते, आणि तो समज किती उलटा होता हे कळण्यासाठी अटलांटिकच्या पलीकडे, एका अगदी वेगळ्या हेतूने चाललेल्या संशोधनाची वाट पाहावी लागली.

बारुख ब्लमबर्ग हे अमेरिकी संशोधक निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील आनुवंशिक भेदांचा अभ्यास करत होते. वारंवार रक्त घेतलेल्या हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त न गोठण्याच्या विकाराच्या, एका रुग्णाच्या रक्तद्रवाची एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तद्रवाशी अभिक्रिया झाली. ती घडवून आणणाऱ्या प्रथिनाला त्यांनी आणि हार्वी ऑल्टर आदी सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ या नावाने प्रसिद्ध केले. ही एखादी आनुवंशिक खूण असावी असे प्रथम वाटले होते, परंतु १९६७-६८ पर्यंत तिचा संबंध रक्तातून पसरणाऱ्या काविळीशी आहे हे स्पष्ट झाले. आज ‘एचबीएसएजी’ म्हणून जी तपासणी केली जाते ती याच प्रथिनाची, म्हणजे विषाणूच्या बाह्य आवरणाची. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील डेव्हिड डेन यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण विषाणूचे कण दाखवले आणि १९७६ मध्ये ब्लमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डायलिसिसच्या इतिहासात या मालिकेतील सर्वांत मोलाचा लेख मात्र १९६९ चा आहे. ब्लमबर्ग यांचे सहकारी डब्ल्यू. टॉमस लंडन आणि इतरांनी एका डायलिसिस कक्षातील साथीचा अभ्यास केला तेव्हा असे आढळले की कर्मचाऱ्यांना तीव्र कावीळ होते, पण त्यांच्या रक्तातील अँटिजेन काही आठवड्यांत नाहीसे होते. याउलट रुग्णांना कावीळ जवळजवळ होतच नाही आणि अँटिजेन मात्र त्यांच्या रक्तात दीर्घकाळ टिकून राहते.

याचे कारण रोगप्रतिकारशक्तीत आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशींना स्वतः फारशी इजा करत नाही. बाधित पेशींवर शरीराचीच प्रतिकारयंत्रणा तुटून पडते आणि त्या लढाईत यकृत सुजते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाची ही यंत्रणा मंदावलेली असते, त्यामुळे तो आजारी दिसत नाही आणि विषाणूला हुसकावूनही लावू शकत नाही. असा रुग्ण वर्षानुवर्षे वाहक राहतो, म्हणजे स्वतः धडधाकट दिसत असताना इतरांना संसर्ग देऊ शकतो. डोळे पिवळे झाले का, हा वैद्यकाचा जुना प्रश्न या दालनात निरुपयोगी ठरला. कोण बाधित आहे हे केवळ प्रयोगशाळा सांगू शकत होती, आणि एकदा सांगून भागत नव्हते, कारण गेल्या महिन्यात निर्दोष असलेला रुग्ण या महिन्यात बाधित झालेला असू शकत होता. प्रतिबंधाची पुढची सारी इमारत या एका निष्कर्षावर उभी राहिली.

ती उभारण्याची निकड एडिनबरोने दाखवून दिली. मायकेल वुडरफ यांच्यासारख्या अग्रगण्य शल्यविशारदामुळे मूत्रपिंडरोपणासाठी ख्यातकीर्त झालेल्या या शहरात १९६९-७० मध्ये डायलिसिस आणि रोपण या दोन्ही विभागांत हिपॅटायटिस बीची साथ पसरली. तिच्यात अनेक रुग्ण आणि चार कर्मचारी मृत्युमुखी पडले. रुग्णाला वाचवण्यासाठी कामावर येणाऱ्या माणसाने त्याच कामातून मृत्यू घरी न्यावा, ही गोष्ट कोणत्याही आकडेवारीपेक्षा जड होती, आणि असे कक्ष चालवावेत की बंद करावेत असा प्रश्न गांभीर्याने विचारला जाऊ लागला. विषाणुतज्ज्ञ बॅरी मार्मियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिनबरोत नियमित तपासणी, बाधितांचे विलगीकरण आणि रक्त हाताळण्याचे कडक नियम यांच्या साहाय्याने साथ आटोक्यात आणली.

ब्रिटिश सरकारने या प्रश्नासाठी लॉर्ड रोझेनहाइम यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार गट नेमला आणि त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शिफारशी अशा होत्या. कक्षात प्रवेश देण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाची आणि कामावर घेण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याची अँटिजेनसाठी तपासणी करावी व ती ठरावीक काळाने पुन्हा करावी. बाधित रुग्णाला वेगळ्या जागी, वेगळ्या यंत्रावर उपचार द्यावेत. रक्त चढवण्याचे प्रमाण शक्य तितके कमी करावे. कक्षात कोणी खाऊ-पिऊ नये, धूम्रपान करू नये. घरी डायलिसिस करण्याची प्रथा ब्रिटनमध्ये तोपर्यंत मूळ धरू लागली होती. काविळीच्या धास्तीने तिला आणखी बळ मिळाले, कारण स्वतःच्या घरात, स्वतःच्या यंत्रावर उपचार घेणाऱ्याला दुसऱ्याच्या रक्ताचा संपर्कच येत नाही. पुढील दोन-तीन वर्षांत ब्रिटिश कक्षांतील नव्या संसर्गांची संख्या झपाट्याने घटली, आणि त्या वेळी लस किंवा विषाणूवरील औषध यांपैकी काहीही हाताशी नव्हते.

अमेरिकेत परिस्थिती वेगळ्या कारणाने बिकट झाली होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये झालेल्या कायद्याने मूत्रपिंडे निकामी झालेल्या बहुतेक सर्व नागरिकांच्या उपचाराचा खर्च सरकारी विमायोजनेने उचलला आणि जुलै १९७३ पासून डायलिसिस केंद्रांची संख्या भराभर वाढली. निवड समित्यांचा क्रूर काळ त्यामुळे संपला. पण दालने भरली, पाळ्या वाढल्या आणि एकाच परिचारिकेकडे अनेक रुग्ण आले. १९७४ मध्ये देशभरातील डायलिसिस रुग्णांपैकी ६.२ टक्क्यांना त्या एका वर्षात हिपॅटायटिस बीचा नवा संसर्ग झाला आणि काही केंद्रांत हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेले. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रांचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिन फॅव्हेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायलिसिस दालनांतील पृष्ठभाग ओल्या बोळ्यांनी पुसून तपासले, तेव्हा रक्ताचा डाग दिसत नसलेल्या जागीही अँटिजेन सापडले. संसर्गाचा माग बाटलीतून आणि सुईतून निघून आता चिमटे, कात्र्या, यंत्राची बटणे आणि दारांच्या मुठी यांच्यापर्यंत पोहोचला.

हा माग ज्या बारकाव्यांतून काढला गेला तो या इतिहासाचा सर्वांत शिकवणारा भाग आहे. विषाणू डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या भागाच्या पडद्यातून आरपार जात असेल अशी भीती आरंभी होती, पण पडद्याची छिद्रे विषाणूच्या कणापेक्षा कितीतरी लहान असल्याने अखंड पडदा त्याला अडवतो. धोका पडद्याबाहेर होता. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते आणि ते अनेक मात्रा असलेल्या एकाच कुपीतून, एकाच ट्रॉलीवरून, एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे फिरत असे. एका रुग्णाला टोचलेली सुई पुन्हा कुपीत गेली की पुढच्या सर्वांच्या मात्रेत त्याचे रक्त अंशाने मिसळे. रुग्णाकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब मोजण्यासाठी एक बारीक नळी यंत्राला जोडलेली असते. दाब अचानक वाढला तर रक्त त्या नळीत उलटे चढते, यंत्राच्या तोंडाशी असलेली गाळणी भिजते आणि आतला भाग दूषित होतो. रुग्ण उठून गेल्यावर नळ्या बदलल्या जात, यंत्राचा तो आतला भाग मात्र तसाच राही आणि पुढच्या पाळीचा रुग्ण त्यालाच जोडला जाई. सर्वांत नित्याची वाट होती ती हातांची. एका खाटेवर गजर वाजतो म्हणून परिचारिका धावते, बटण दाबते, फिस्टुलावर, म्हणजे सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या धमनी-शिरेवर, बोट दाबून रक्त थांबवते आणि त्याच हातमोज्याने शेजारच्या खाटेचा चिमटा सैल करते. यात निष्काळजीपणापेक्षा घाई अधिक असे, म्हणूनच केवळ उपदेशाने ते थांबणारे नव्हते. कामाची मांडणीच बदलावी लागणार होती.

अमेरिकी रोगनियंत्रण केंद्रांनी १९७७ मध्ये दिलेल्या सूचना या मांडणीच्या होत्या. संसर्ग होऊ शकणाऱ्या सर्व रुग्णांची दरमहा एचबीएसएजी तपासणी, बाधितांसाठी वेगळी खोली, वेगळे यंत्र आणि वेगळी उपकरणे, त्या पाळीत बाधितांकडे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने अबाधितांकडे न जाणे, प्रत्येक रुग्णानंतर हातमोजे बदलणे आणि पृष्ठभाग निर्जंतुक करणे, असा त्यांचा गाभा होता. १९८० पर्यंत नव्या संसर्गाचे वार्षिक प्रमाण ६.२ टक्क्यांवरून सुमारे १ टक्क्यावर आले, आणि रक्तात अँटिजेन असलेल्या रुग्णांचे प्रमाण १९७६ मधील ७.८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर उतरले. मिरियम ऑल्टर आणि फॅव्हेरो यांनी पुढे, १९८६ मध्ये, केंद्राकेंद्रांची तुलना करून दाखवले की तपासणी आणि विलगीकरण दोन्ही पाळणाऱ्या केंद्रांत संसर्ग सर्वांत कमी होता. दात्याच्या रक्ताची अनिवार्य तपासणीही १९७० च्या दशकातच रूढ झाली आणि तिनेही हातभार लावला. पण दालनाच्या आतली साखळी तुटल्याशिवाय हा उतार शक्य नव्हता.

विलगीकरणाची किंमत मात्र रुग्णाने मोजली, हे नोंदवल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. आठवड्यातून तीनदा तासन्‌तास जेथे काढायचे तेथे शेजारी कोणी नसणे, आणि आपल्या खाटेकडे येणाऱ्याने आधी झगा चढवणे, हे सोसणारे रुग्ण स्वतः कोणताही अपराध न करता त्या खोलीत पोहोचले होते, बहुधा उपचारातूनच बाधित होऊन. नियम आवश्यक होता यात शंका नाही; पण तो पाळताना माणूस आणि विषाणू यांतील अंतर विसरले जाणार नाही ही जबाबदारी नियमाच्या कागदावर लिहिली गेली नाही, ती परिचारिकांनी आपल्या वागणुकीतून उचलली.

लशीच्या कथेतही डायलिसिस कक्षांचे स्थान मोठे आहे. फ्रान्समधील तूर येथे फिलिप मोपा यांनी १९७६ मध्ये वाहकांच्या रक्तद्रवातून वेगळ्या काढलेल्या अँटिजेनची लस माणसांत वापरल्याचे प्रसिद्ध केले, आणि ती प्रथम घेणाऱ्यांत तेथील डायलिसिस कक्षातील कर्मचारी आणि रुग्ण होते. अमेरिकेत मॉरिस हिलमन यांच्या गटाने तयार केलेल्या लशीला १९८१ मध्ये परवाना मिळाला आणि यीस्टच्या पेशींत जनुकतंत्राने बनवलेली लस १९८६ मध्ये आली. कर्मचाऱ्यांना या लशीने जवळजवळ पूर्ण संरक्षण दिले. रुग्णांच्या बाबतीत, ज्या मंद प्रतिकारशक्तीमुळे ते वाहक बनत त्याच कारणाने, लशीलाही उत्तर अपुरे मिळाले. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांत संरक्षणाचा फरक दिसलाच नाही. म्हणून डायलिसिस रुग्णाला नेहमीच्या २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅमची मात्रा देण्याची, शक्यतो मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याआधीच लसीकरण उरकण्याची, आणि रक्तातील प्रतिपिंडे वर्षातून एकदा मोजून ती दर मिलिलीटरला १० मिलि-आंतरराष्ट्रीय एककांखाली गेल्यास वर्धक मात्रा देण्याची पद्धत रूढ झाली. लस असूनही विलगीकरण सुटले नाही, ते यामुळे. १९९४ मध्ये कॅलिफोर्निया, नेब्रास्का आणि टेक्सासमध्ये पुन्हा साथी उद्भवल्या तेव्हा चौकशीत दिसले ते असे की मासिक तपासण्यांचे अहवाल वेळेवर पाहिले जात नव्हते, बाधित आणि अबाधित रुग्णांत कर्मचारी व साहित्य समाईक होते आणि अनेक रुग्णांना लस दिलेलीच नव्हती.

याच सुमारास डायलिसिस दालनांत ‘बी’ची जागा दुसऱ्या विषाणूने घेतली होती. रक्त चढवल्यानंतर होणारी जी कावीळ ‘ए’ही नव्हती आणि ‘बी’ही नव्हती, तिचा विषाणू १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांनी ओळखला आणि त्याला ‘सी’ हे नाव मिळाले. ऑस्ट्रेलिया अँटिजेनच्या पहिल्या लेखातील हार्वी ऑल्टर यांना याच शोधमालिकेसाठी २०२० मध्ये हॉटन आणि चार्ल्स राइस यांच्यासह नोबेल मिळाले. त्याच १९८९ मध्ये अमेरिकेत रक्तक्षयावर एरिथ्रोपोएटिन हे इंजेक्शन उपलब्ध झाल्याने रक्त चढवण्याची गरज पुष्कळ घटली. भारतात दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी या शतकाच्या आरंभी कुठे सक्तीची झाली, त्यामुळे येथील डायलिसिस कक्षांत हा विषाणू दीर्घकाळ ठाण मांडून राहिला. २०१६ मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि महाराष्ट्रातील महात्मा फुले जन आरोग्य योजना यांमुळे जिल्ह्याच्या ठिकाणीही डायलिसिस पोहोचले, आणि त्याबरोबरच पाळ्यांची गर्दी, एकच डायलायझर धुऊन त्याच रुग्णासाठी पुन्हा वापरण्याची पद्धत आणि ‘पॉझिटिव्ह मशीन’ वेगळे ठेवण्याची धडपड याही गोष्टी तेथे पोहोचल्या. ‘बी’ असलेल्या रुग्णाचा डायलायझर पुन्हा वापरू नये, हा नियम येथेही लागू आहे. ‘सी’साठी वेगळ्या यंत्राची सक्ती आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात नाही, कारण त्याचे रक्तातील प्रमाण आणि पृष्ठभागांवरून होणारा प्रसार ‘बी’च्या मानाने कमी आहे, तरी भारतातील अनेक कक्ष ते वेगळे ठेवणेच पसंत करतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमातून ‘सी’वरील औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागली आणि साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक डायलिसिस रुग्णांच्या रक्तातून हा विषाणू नाहीसा होतो. मात्र एकदा बरे झाल्याने ‘सी’विरुद्ध प्रतिकारशक्ती येत नाही, आणि रक्तातील प्रतिपिंडे पुढेही कायम राहत असल्याने प्रतिपिंडांच्या तपासणीतून नवा संसर्ग ओळखता येत नाही, म्हणून औषधाने बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तात विषाणूचा आरएनए पुन्हा आला आहे का, हे कक्षाला ठरावीक काळाने शोधत राहावे लागते.